खळ आणि रद्दी

माझ्या बाग सेवनियातल्या घरापासून एम्स हाकेच्या अंतरावर. तरी मागच्या वस्तीतला तो पाच वर्षांचा मुलगा दिवसभर खाटेवर पडलेला असायचा. त्याची आई साकेत नगरात चार घरची धुणीभांडी करायची. दवाखान्याची एक फेरी म्हणजे चार घरांचा खाडा. नागपूरहून भोपाळला आल्यापासून माझी फिजिओथेरपीची पदवी कपाटातच होती. म्हटलं, मीच जाते. मंगळवारी आणि शनिवारी, फुकट.

गॅसकांडानंतरच्या भोपाळात अशा मुलाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: ‘गैस वाला है क्या?’ नव्हता. तो जन्मल्यावर बराच वेळ रडलाच नव्हता, मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४ साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशातून चिंगारी ट्रस्ट उभा केला. तिथे अशा मुलांना व्यायाम, वाचा-उपचार सगळं मिळतं, पण ते गॅसपीडित कुटुंबांतल्या मुलांसाठी. शेजारणी तिकडेच न्यायला सांगायच्या, आणि मला दर वेळी हे समजवावं लागायचं.

त्याचे पाय कैचीसारखे एकमेकांवर चढायचे. उचललं की अंग मागे धनुष्यासारखं ताठायचं. मी आईला सहा व्यायाम शिकवले, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं. महिनाभर ती मान डोलवत राहिली. मग एका शनिवारी, हात पिठात असताना, म्हणाली, ‘दीदी, इसको पकड़ के बैठूँगी तो रोटी कौन सेकेगा?’

मी आधी रागावले, हे कबूल करते. घरी आल्यावर कळलं की त्या घरात दिवसाकाठी चाळीस मिनिटं शिल्लकच नाहीत, आणि ते मी महिनाभरात एकदाही विचारलं नव्हतं.

कुणी न धरताही त्याला बसता येईल असं काही हवं होतं. कॉलेजात एका तासाला ओझरतं ऐकलेलं आठवलं. झिम्बाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी रद्दी कागद, पुठ्ठा आणि पिठाची खळ यांतून फर्निचर करण्याची पद्धत रूढ केली. आफ्रिकेतल्या खेड्यांत अपंग मुलांच्या खुर्च्याही तशाच होतात. लाकूड नको, सुतार नको. मुलाच्या मापाचं मात्र सगळं. रद्दी आमच्याकडे ढिगानं होती. किराणावाल्यानं खोकी दिली. मैद्याची खळ मी शिजवली. एका म्हाताऱ्या बाइंडरनं सांगितलं, मोरचूद घाला, झुरळ लागणार नाही. वह्यांना ठीक, पण हा मुलगा हाताला लागेल ते तोंडात घालणारा, आणि मोरचूद विषारी. नाही घातलं.

पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून, वर विटा ठेवून गच्चीत वाळवले. एप्रिलच्या उन्हाचं एवढं कौतुक मी कधी केलं नव्हतं. कंबर, गुडघे, घोटे तिन्ही काटकोनात येतील अशी बैठक, मांड्यांमध्ये पाय फाकवून ठेवणारा जाड ठोकळा, समोर मेजासारखी फळी. वरून स्कूटरच्या सीट-कव्हरवाल्याकडचं उरलेलं रेक्झिन. तीन आठवडे लागले. पहिली बैठक दोन बोटं उंच निघाली, त्याचे पाय लोंबायला लागले. पायांखाली पुठ्ठा भरून सारखी केली.

बसवल्यावर दोन मिनिटांतच तो रडला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं टिकला. पंधरा दिवसांनी आई चुलीशी होती आणि तो तिच्या समोर, फळीवर कणकेचा गोळा दोन्ही हातांनी चेपत. बोटं उघडण्याचा व्यायाम मी शिकवलेल्या सहांत होताच. तो असा होईल हे मला सुचलं नव्हतं.

जुलैत छप्पर गळलं आणि खुर्चीचा एक पाय फुगून मऊ पडला. मला निरोप आला नाही. मंगळवारी गेले तर त्या पायाभोवती नव्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, अजून ओलसर. तिनं मैद्याऐवजी गव्हाचं पीठ वापरलं होतं.

‘मैदा महँगा है दीदी,’ ती म्हणाली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलीचं माप घ्यायला मला हाताला धरून घेऊन गेली.