जांभळा ठिपका

न्हावऱ्याहून केडगाव-चौफुल्याकडे निघालं की मध्ये भीमा लागते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. ऊस, ओला चारा, गोठ्यात संकरित होल्स्टीन. दोन्ही काठांना चित्र एकच आणि गोचीडही एकच, हायलोमा. उन्हाळा सरता सरता फोन सुरू होतात, “डॉक्टरसाहेब, गाईनं वैरण टाकलीय, दूध निम्म्यावर आलंय.” जाऊन बघावं तर ताप 105, खांद्यापुढची गाठ हाताला लागतेय, डोळ्याची आतली बाजू फिकी. गोचिडातून येणारा थायलेरिया असणार, असं मन म्हणतं. पण मनाच्या म्हणण्यावर मी सुई भरत नाही. आधी काच काढतो.

कानाच्या कडेची शीर शोधायची, केस कातरायचे, स्पिरिट पुरतं सुकू द्यायचं. ओल्या स्पिरिटात टोचलं की तांबड्या पेशी फुटतात आणि मग काचेवर वाचायला काही उरत नाही. थेंब लहान घ्यायचा. दुसरी काच तिरपी टेकवून थेंब तिच्या कडेभर पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे सरकवायची. हात अडखळला की पट्टे पडतात. मग मिथेनॉल आणि अर्धा-पाऊण तास गिम्साचा रंग. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात गिम्सा बिघडतो, म्हणून बफर वेगळा बाळगावा लागतो. दहा मिनिटांत उरकणारे लोक आहेत. त्यांच्या स्लाइड मला वाचता येत नाहीत.

तेल टाकून शंभराच्या लेन्सखाली गुलाबी पेशी आणि त्यांच्यात बारीक कडी किंवा स्वल्पविराम दिसतो, एका टोकाला जांभळा ठिपका. तो ठिपका म्हणजे परजीवीचा डीएनए. एकदा एका गोठ्यातल्या ताईंनी सूक्ष्मदर्शकातून बघून विचारलं, “ह्यातलं आमच्या गाईचं कोणतं अन् किड्याचं कोणतं?” प्रश्न वाटला त्याहून अवघड होता.

थायलेरिया, बबेशिया, मलेरियाचा प्लाझ्मोडियम, यांपैकी कुणालाच प्युरिन तयार करता येत नाही. डीएनएमधले अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन हे दोन्ही बेस प्युरिन, म्हणजे त्या ठिपक्यातले बरोबर निम्मे बेस गाईच्या मालातून आलेले. पण तो माल आत जातो कसा? पेशीपटल स्निग्ध, बेस पाण्यात रमणारे. आपसूक झिरपण्यावर वाढत्या परजीवीचं भागत नाही. त्यासाठी पटलात प्रथिनांची दारं असतात. फाल्सिपेरम मलेरियातलं पीएफईएनटी-1 सगळ्यात चांगलं अभ्यासलेलं. ते बाहेरच्या बाजूनं उघडतं, हायपोझँथीन हे प्युरिन पकडतं, बाहेरची बाजू मिटते आणि मग आतली उघडते. दोन्ही बाजू एकदम कधीच उघड्या नसतात. या कामाला इंधनही लागत नाही. आत आलेलं हायपोझँथीन लगेच न्यूक्लिओटाइडमध्ये बदललं जातं, त्यामुळे आत त्याचा साठा साचत नाही आणि ओढ कायम आतल्या दिशेनं राहते. या दाराचं जनुक काढून टाकलेला परजीवी रक्तात असतं तेवढ्या प्युरिनवर तगत नाही. बबेशियाचा प्रकार तर आणखी धीट: गाईच्या निरोगी तांबड्या पेशीतून न्यूक्लिओसाइड जेमतेम जातात, बबेशिया शिरला की त्या पेशीचं पटलच ते आत घेऊ लागतं.

माझ्या धंद्याशी याचा संबंध बेरेनिलमुळे येतो. बबेशियाची लाल लघवी असो की सर्रा, पेटीतून निघतं ते हेच, डिमिनाझीन. सर्राचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पाहिला. प्युरिन त्यालाही बनवता येत नाही. तो ज्या दारातून अ‍ॅडेनोसीन आत ओढतो, त्याच दारातून डिमिनाझीनही शिरतं. प्रयोगशाळेत ते दार गप्प केलं तेव्हा जंतू औषधाला जुमानेनासा झाला. म्हणजे भुकेच्या वाटेनंच विष जातं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, आणि थोडी धास्तीही.

थायलेरियाचं बुपारव्हाक्वोन या वाटेवर अवलंबून नाही, ते जंतूच्या मायटोकॉन्ड्रियावर काम करतं. पण त्यालाही न जुमानणारे थायलेरिया इराण, सुदान, ट्युनिशियात सापडलेत. तेव्हा दूधवाल्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: ताप दिसला की मेडिकलमधून बाटली आणून अंदाजानं अर्धी टोचू नका. आधी स्लाइड करू द्या, आणि डोस गाईच्या वजनावर ठरू द्या.