अण्णांचं दुकान

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या नोकरदार मराठी घरांत दुकान काढणं त्या काळी कमीपणाचं वाटे. नोकरी म्हणजे मोतीमहालातल्या सरकारी कचेरीतली. आमचे आजोबा तिथेच कारकून होते. आधी शिंदे सरकारचे, १९४८ नंतर मध्य भारताचे. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि फायलींमागोमाग माणसंही गेली. ओळखीची कितीतरी बिऱ्हाडं हलली. आमचं हललं नाही, ते थोरल्या काकांमुळे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत.

आजोबा निवृत्तीला आलेले, पाठची भावंडं शिकणारी. अण्णांनी भोपाळची नोकरी धरली असती तर घर दोन ठिकाणी फुटलं असतं. त्यांनी फूलबागेच्या रस्त्याला सायकलचं दुकान टाकलं. नातलगांनी नाकं मुरडली. आजी मात्र पहिल्या दिवशी कुलपाला हळद-कुंकू लावून आली.

आम्ही चुलत भावंडं आता जमलो की बोलणं त्या दुकानावरच येतं. ग्रीसचा आणि सोल्युशनचा वास, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, भाड्याच्या सायकलींची वही. अण्णा चाक सरळ करत तेव्हा आम्ही खेळ सोडून बघत बसायचो. उलट्या सायकलीचं चाक फिरवून ते रिमपाशी खडू धरत. जिथे खडू घासे तिथला आरा चिमटीत धरून पान्याने इवलासा पिळायचा, की पुन्हा फेरी. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत, “बसा की दोन मिनिटं. रस्त्यात डगमगली तर पडाल तुम्ही.”

घरातल्या मुलींनाही त्यांनीच सायकल शिकवली. आधी ब्रेक दाबून उतरायला, मग चालवायला. आत्याला कॉलेजला सायकलीवरून धाडणारे तेच. गल्लीत कुजबुज झाली तेव्हा पहिले काही दिवस स्वतः बरोबर गेले. तिच्या फीच्या आठवड्यात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असे, हे आम्हाला काकूकडून फार पुढे कळलं.

फूलबागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा सगळं जवळजवळ. तिन्हीकडची माणसं अण्णांकडे हवा भरायला थांबत आणि घरच्या सोयरिकीपर्यंत बोलत. जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानदिनी ते दुकान लवकर बंद करून आम्हा सगळ्यांना समाधीवर नेत. आमचं घर शिंद्यांच्या चाकरीतलं. तरी १८५८ साली जयाजीराव शिंदे आग्र्याकडे, इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते, हेही अण्णांनीच आम्हाला तिथे उभं राहून सांगितलं. काही लपवलं नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. मला ते फार मोलाचं वाटतं; शाळेतल्या इतिहासाने इतकं सरळ काही शिकवलं नाही.

थंडीत ग्वाल्हेरचा मेळा भरला की वर्षभरातली त्यांची एकमेव चैन सुरू होई: सगळ्यांना घेऊन जायचं, गजक घ्यायचा, आणि नव्या सायकली मांडल्या असतील तिथे रेंगाळायचं. हात मागे बांधून ते एकेक हब न्याहाळत. काकू चिडे, “इथंही तेच?”

मुलं पुण्याला स्थिरावली. दुकान त्यांनी हाताखालच्या पोराला चालवायला दिलं, आणि त्याच्याकडून कधी भाडं घेतलं नाही. पुण्याला ते दर वर्षी जात, नातवंडांच्या सायकली दुरुस्त करत, आणि मेळ्याच्या आत परत येत. “तिथं सगळं छान आहे,” ते सांगत, “पण रस्त्यात कुणी हाक मारत नाही.”