आज्ञा कुठून द्यावी?

बी. कॉम., द्वितीय वर्ष

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या आज्ञांवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मला पुस्तकात सापडला नाही, तो आमच्या गल्ल्यापाशी सापडला. बेळगावच्या शहापुरात आमचे किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मे मराठी, निम्मे कन्नड. उधारी मात्र दोन्ही भाषांत सारखीच! कुणी विचारतो "बाकी किती?", कुणी "बाकी एष्टु?" उत्तर लगेच द्यावे लागते आणि ते बिनचूक असावे लागते. वीस रुपये जास्त सांगितले, तर वीस वर्षांचे गिऱ्हाईक पायरी चढायचे थांबते.

बाबांची लाल कापडी बांधणीची खतावणी अजून चालू आहे. तिच्या जोडीला मी 'लेजर' या प्रोग्रॅमवर हिशेब ठेवतो. जॉन विगली यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. रीत आपल्या द्विनोंदी पद्धतीचीच. साध्या मजकुराच्या फाइलीत नोंदी लिहायच्या. प्रत्येक नोंदीची बेरीज शून्य आली नाही, तर प्रोग्रॅम अडून बसतो. फाइलीला तो हात लावत नाही, फक्त वाचतो आणि बाकी काढून दाखवतो. खात्यांची नावे मी आपल्याच भाषेत ठेवली आहेत : रोख, उधारी, माल खरेदी. बाबांना ती वाचता येतात, हे महत्त्वाचे.

लेजरला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत; आज्ञा टंकूनच काम घ्यायचे. फाइल मी लिहितो 'इमॅक्स' या मजकूर-संपादकात (आपल्या अंकाचे संपादक नव्हेत!). रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू इमॅक्स १९८५ पासून लोकांच्या हाती आहे. फाइल इथे आणि आज्ञा दुसऱ्या खिडकीत, ही धावपळ टाळायची, तर संपादकाच्या आतूनच आज्ञा द्यावी. पण त्याला वाटा एक नव्हे, अनेक!

पहिली वाट एका आज्ञेपुरती. ऑल्ट आणि उद्गारचिन्ह दाबावे, आज्ञा लिहावी, उत्तर समोर. पुढची आज्ञा दिली की आधीचे उत्तर पुसले जाते. ही झाली कच्ची चिठ्ठी.

दुसरी वाट 'टर्म' किंवा 'व्हीटर्म' यांची. हे पूर्ण टर्मिनल. सगळा पडदा व्यापणारे प्रोग्रॅमही यात चालतात. व्हीटर्म सी भाषेतल्या लायब्ररीवर उभे असल्याने चपळ आहे, मात्र आधी ते संगणकावर बांधून घ्यावे लागते. पण इथे बहुतेक कळा थेट टर्मिनलकडे जातात. संपादकाच्या हातवळणी पडलेल्या खुणा चालेनाशा होतात. शिवाय टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. एका अक्षराला एक चौकट, हा हिशेब इंग्रजीला जमतो; आपल्या जोडाक्षरांची आणि कन्नड ओत्तक्षरांची त्यात ओढाताण होते.

तिसरी वाट 'ईशेल'. हे इमॅक्सच्याच लिस्प भाषेत लिहिलेले. कर्ते पुन्हा जॉन विगलीच! बाहेरच्या शेलची गरज नाही, त्यामुळे विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर ते सारखे वागते. लेजरचे उत्तर थेट दुसऱ्या पानावर वळवता येते. पण फाइलीतून आज्ञेला मजकूर पुरवण्याची नेहमीची खूण त्यात चालत नाही.

चौथी वाट साधे 'शेल'. नेहमीचा शेलच, पण संपादकाच्या पानावर बसवलेला. विचारलेले आणि मिळालेले, दोन्ही साधा मजकूर. वर जावे, जुन्या आज्ञेवर एंटर दाबावे, ती खाली येऊन पुन्हा चालते. नाव शोधायचे तर संपादकाची नेहमीची शोधाची कळ आहेच. अक्षरे संपादक स्वतः जुळवतो. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून त्याला हार्फबझची जोड आहे. त्यामुळे 'खर्च'मधला रफार जागच्या जागी बसतो. रकमांचे रकाने थोडे वाकडे दिसतात, पण नाव वाचता येते. पडदाभर पसरणारे प्रोग्रॅम मात्र इथे चालत नाहीत.

मी शेल निवडले. ते सर्वांत सामर्थ्यवान नाही, हे मला ठाऊक आहे. पण संध्याकाळभरचे प्रश्न आणि उत्तरे एकाच पानावर राहतात आणि ते पान तारखेच्या नावाने जतन करता येते. उद्या कुणी म्हणाले, "परवा तर तू दुसराच आकडा सांगितलास," तर पान उघडून दाखवता येते. उधारीच्या धंद्यात असा पुरावा म्हणजे निम्मी अब्रू. व्हीटर्मही मी काढून टाकलेले नाही. यंत्राच्या प्रकृतीची तपासणी तिथेच करतो.

वर्गातले मित्र विचारतात, यांतले सर्वांत चांगले कोणते? वाणिज्याच्या विद्यार्थ्याने असे विचारू नये. कीर्द चांगली की खतावणी, असे आपण विचारतो का? काय नोंदवायचे आणि ते कोण वाचणार, हे आधी ठरवावे. वही मग आपोआप ठरते.