खिडकीपुढे मान खाली घालू नका

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत दोन दिवस पेढे फिरतात. विहारात सत्कार होतो, वह्या-पेनांचे वाटप होते, भाषणे होतात. तिसऱ्या दिवसापासून मात्र मूल आणि त्याचे आईबाप एकटे पडतात. कोणती शाखा घ्यायची, कोणते दाखले काढायचे, फॉर्म कुठे भरायचा, हे सांगायला घरात कोणी नसते.

यंदा माझी भाची दहावी पास झाली. सत्काराच्या रात्री तिने विचारले, "मामा, आपल्या घरात कॉलेजात पहिला तूच गेलास ना? मग सांग, तिथे गेल्यावर काय करायचं?" काय करायचे ते मी तिला सांगितले. मी स्वतः काय केले होते, ते सांगायला मात्र जीभ रेटली नाही. ते आज इथे लिहितो. हा अंक तिच्या घरी दर आठवड्याला जातो.

मी १९९७ साली दहावी झालो. मराठी माध्यम, ६१ टक्के. वडिलांची गिरणीतली नोकरी १९८२ च्या संपात गेली, तेव्हापासून ते वॉचमन होते. आई चार घरची धुणीभांडी करी. मला कॉमर्सला प्रवेश मिळाला. त्याच सुमारास, ११ जुलैला, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जणांचा बळी गेला. आमच्या वस्तीत त्या रात्री कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

मी वर्गात बसू लागलो तेव्हा माझ्याच बाकावरची मुले बोलत होती, "रस्ते हेच अडवणार, आणि फीसुद्धा यांनाच माफ." मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी गप्प बसलो.

काही दिवसांनी शिपाई नोटीस घेऊन आला. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांनी उभे राहावे, नावे लिहून घ्यायची आहेत. चार मुले उभी राहिली. मी मान खाली घालून पुस्तक चाळत राहिलो. पुढे ऑफिसच्या खिडकीपर्यंत दोनदा गेलो आणि रांगेत वर्गातली मुले दिसताच परत फिरलो. फॉर्मची शेवटची तारीख निघून गेली.

दिवाळीच्या तोंडावर ऑफिसने पूर्ण फी मागितली. ८६० रुपये. वडिलांनी विचारले, "आपल्या पोरांना फी माफ असते म्हणतात, मग ही कशाची?" मी म्हणालो, "कॉलेजने यंदा फॉर्मच दिले नाहीत." वडिलांनी विश्वास ठेवला. आईने डब्यातले पैसे काढले. ते पैसे माझ्या धाकट्या बहिणीच्या गणिताच्या क्लासचे होते. तेव्हा ती दहावीत होती. तिचा क्लास बंद झाला. मार्चमध्ये ती गणितात गेली, ऑक्टोबरला पुन्हा बसली नाही. कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला लागली.

मी पुढे बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, आज दिवसभर हिशेबाचीच कागदपत्रे हाताळतो. त्या ८६० रुपयांचा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

बारावीत असताना विहारातल्या एका थोरल्या मुलाने माझा हात धरून मला खिडकीपाशी नेले. तो म्हणाला, "हा आपला हक्क आहे, भीक नाही." बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. पुढच्या शिक्षणासाठी केळुसकर गुरुजींनी खटपट केली आणि बडोद्याच्या महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेबांनी ती घेतली आणि तिचे चीज केले. त्यांना शिष्यवृत्ती घेताना लाज वाटली नाही. मग तुम्हाआम्हाला का वाटावी?

म्हणून, मुलांनो, अकरावीला जाण्याआधी ही कामे करा.

शाळेचा दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून नीट वाचा. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, जातीची नोंद पाहा. चूक असेल तर लगेच मुख्याध्यापकांना सांगा. एकदा शाळा सुटली की दुरुस्तीसाठी फार हेलपाटे पडतात. आपल्यापैकी अनेकांच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असे लिहिलेले असते. ते अभिमानाचेच आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी मूळ अनुसूचित जातीचा पुरावा लागतो. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली लागू झाल्या, त्या याच आधारावर. तेव्हा आजोबा-पणजोबांचा शाळेचा किंवा महसुली कागद, शक्यतो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, गावाहून आताच मागवून ठेवा. सायन्सला जाणाऱ्यांनी जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत वेळेवर करावा. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ केली आणि इंजिनिअरिंगची जागा हातची गेली, असे घडते.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा. बँकेत स्वतःचे खाते उघडा आणि ते आधारशी जोडून घ्या. आता शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरतात आणि पैसे त्याच खात्यात येतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागतो, हे विसरू नका. गावाकडून शहरात शिकायला येणाऱ्यांनी समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे.

आता मी कारकून आहे म्हणून एक आतली गोष्ट सांगतो. खिडकीपलीकडचा माणूस तोंडी बोललेले विसरतो, कागद विसरत नाही. काही अडले तर साध्या मराठीत चार ओळींचा अर्ज लिहा. खाली तारीख आणि सही करा. दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का घ्या. अस्सल दाखला कोणाच्या हाती ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. "उद्या या" म्हटले तर, "किती वाजता येऊ आणि कोणाला भेटू?" असे अदबीने विचारा.

अभ्यासाचेही तसेच. मराठी शाळेतून इंग्रजी वर्गात गेलात की पहिले तीन महिने काही कळत नाही. नावे-जमा चांगले येत असूनही 'डेबिट-क्रेडिट' ऐकले की माझे हातपाय गार पडायचे. मला वाटायचे, आपल्याला अक्कलच नाही. अक्कल होती, शब्द नव्हते. बालभारतीची अकरावीची पुस्तके मराठीत आणि इंग्रजीतही आहेत, मोबाईलवर फुकट उतरवता येतात. दोन्ही शेजारी ठेवा आणि रोज दहा शब्द वहीत उतरवा. कॉमर्स आणि आर्ट्सचे पेपर मराठीतूनही लिहिता येतात, हेही माहीत असू द्या. न समजलेले त्याच दिवशी सरांना विचारा. वर्ग हसला तर हसू द्या.

पालकांनाही एक विनंती आहे. फॉर्म भरलास का, एवढेच विचारून थांबू नका. भरलेल्या फॉर्मची प्रत दाखव म्हणा. रागावून नाही, मायेने विचारा. माझ्या वडिलांनी प्रत मागितली असती तर माझे खोटे तिथेच उघडे पडले असते. मुलीच्या क्लासचे पैसे मुलाच्या फीला वळवण्याआधी दोन रात्री विचार करा. आणि विहाराच्या कार्यकर्त्यांनो, सत्कारासोबत जून ते ऑगस्ट दर रविवारी दोन तास फॉर्म भरून देणारे दोन पदवीधर बसवा. हाराइतकाच तो सन्मान आहे.

मागच्या शुक्रवारी मी भाचीबरोबर तिच्या कॉलेजात गेलो. रांगेत वीस-पंचवीस मुले होती. तिचा नंबर आला तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, एस.सी. स्कॉलरशिपचा फॉर्म कधीपासून भरायचा?" कोणी हसले नाही. खिडकीतल्या बाईंनी तारीख सांगितली, तिने ती लिहून घेतली. मी मागे उभा होतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी मला एवढेच एक वाक्य बोलायचे होते.

हा अंक आला की बहीण तो वाचेल. त्या वर्षी कॉलेजने फॉर्म दिले होते, हे तिला माझ्याकडूनच कळायला हवे होते. रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. ती काय बोलेल ते ऐकून घेईन.

जयभीम!