उटण्याचं पेटंट

दिवाळीच्या तोंडावर माझ्या टेबलावर एक तरी बरणी येतेच. यंदाची सांगलीहून आली. आंबेहळद, कचोरा, वाळा, त्यात नायसिनमाइड. "साहेब, हे आजवर कुणी एकत्र केलेलं नाही."

नसेल केलं. पण 'कुणी केलेलं नाही' आणि 'कुणाला सुचलं नसतं' या दोन वाक्यांमधल्या फटीतच माझा पेटंट एजंटाचा संसार चाललाय. १९९७ साली अमेरिकेत हळदीचं पेटंट रद्द झालं, ती लढाई नावीन्याची होती. आपल्या जुन्या ग्रंथांनी ती जिंकली. मिश्रणाचं तसं नसतं. आपल्या कायद्याचं कलम ३(ई) म्हणतं, घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर पेटंट नाही. दोन आणि दोन पाच झालेले दाखवा.

असे पाच मला एका सीरममध्ये दिसले. क जीवनसत्त्व १५ टक्के, ई १ टक्का, दोन्ही जुनी. २००५ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. तेही तांदळाच्या कोंड्यात सापडणारं, ओळखीचंच. पण नाजूक क जीवनसत्त्व टिकू लागलं, आणि डुकराच्या त्वचेवर उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून जवळपास आठपट झालं. आता कुणीही म्हणेल, अँटिऑक्सिडंटमध्ये अँटिऑक्सिडंट, त्यात काय! उत्तर वाचल्यावर कोडं सोपंच वाटतं. परीक्षकालाही वाटतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

म्हणून मी बरणीचं कौतुक करत नाही, तक्ते मागतो. हळद एकटी, नायसिनमाइड एकटं, मग दोन्ही. मात्रा तीच, दिवस तेवढेच. "त्वचा तुकतुकीत होते" हे जाहिरातीत चालतं, सुनावणीत नाही. आणि त्याहून आधी मागतो फसलेल्या बॅचेस. कुठल्या प्रमाणाला क्रीम फाटलं, कुठे पिवळं पडलं, कुठे सगळ्यांची अपेक्षा खोटी ठरली. मार्ग सरळ नव्हता याचा पुरावा तिथेच असतो, आणि लोक नेमकं तेच लाजून लपवतात.

सांगलीकरांना विचारलं. ते जरा घुटमळले, मग बायकोला फोन लावला.

"अगं, ती निळी वही... रद्दीत नाही ना दिलीस?"