अवयव कीं व्यक्ति ?

मध्ययुगीन युरोपाचें नांव निघालें कीं ‘अंधारयुग’ हा शब्द सुशिक्षितांच्या ओठीं सहज येतो. परंतु मनुष्य हा समाजशरीराचा केवळ अवयव, कीं त्याहून कांहीं अधिक, या प्रश्नाचा ख्रिस्ती पंडितांनीं त्या काळीं केलेला ऊहापोह पाहिला म्हणजे तो शब्द आम्हांस उतावळेपणाचा वाटूं लागतो.

सहाव्या शतकाच्या आरंभीं बोएथियसनें, ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयींच्या वादांत, व्यक्तीची व्याख्या बांधली : विवेक हा जिचा स्वभाव, अशी स्वतंत्र सत्ता म्हणजे व्यक्ति. तेराव्या शतकांत टॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यानें ती स्वीकारली. न्यायासंबंधींचीं त्याचीं मतें आजही धीट वाटतात. लोककल्याण हें कायद्याचें प्रयोजन. तें सोडून केलेला कायदा म्हणजे जुलूमच होय. प्राणावर बेतली असतां दुसऱ्याचें अन्न उचलणें ही चोरी नव्हे. मनुष्य राज्याचा घटक खरा, पण आपल्या सर्वस्वानिशीं नव्हे. निरपराध मनुष्याचा वध तर कोणत्याही कारणास्तव त्यास मान्य नाहीं.

इतकें विवेचन वर्गांत झाल्यावर एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, मग पाखंडी मनुष्य ही व्यक्ति नव्हे काय ?” प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता. सडलेला अवयव शरीराच्या रक्षणासाठीं कापावा, तसा समाजास घातक अपराधी मारावा, असें हाच आचार्य म्हणतो. हट्टी पाखंड्यासही तो देहदंड सांगतो. पाप करणारा मनुष्य विवेकाच्या पदावरून ढळून पशूच्या पातळीस येतो, हें त्याचें समर्थन.

त्या काळच्या समजुतीच तशा होत्या, एवढें सांगून सुटका करून घेतां आली असती; पण त्यानें शंकेचें निरसन झालें नसतें. आमच्या मतें अक्वायनसास अक्वायनसच उत्तर देतो. पापानें मनुष्याची सत्प्रवृत्ति क्षीण होते, स्वभाव मात्र नष्ट होत नाहीं, असें त्यानेंच अन्यत्र लिहिलें आहे. व्यक्तित्व जर स्वभावावर उभें आहे, तर तें वर्तनानें गमावतां कसें येईल ? आणि गमावतां येत असेल, तर तें कोणाचें गेलें हें ठरविणारा सत्ताधीश उद्यां कोणासही सडका अवयव ठरवील. खुद्द बोएथियसलाच थिओडोरिक राजानें राजद्रोहाच्या आरोपावरून ठार करविलें, हें येथें आठवावें.

हें अनुमान काढावयास त्याच्या परंपरेस सात शतकांहून अधिक काळ लागला. २०१८ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथांतील कलम बदलविलें. घोर अपराधानंतरही मनुष्याची प्रतिष्ठा लोपत नाहीं, म्हणून देहदंड अग्राह्य होय, असें आतां त्यांत नमूद आहे. उत्तर उशिरां आलें. पण तें त्या जुन्या व्याख्येंतच होतें, असें आम्हांस वाटतें.