जुनी बोट घेताना

विजापूर वेशीतलं माझं माहेरचं घर मागच्या वर्षी विकलं गेलं. भावांनी मला मागावं लागू न देता माझा हिस्सा माझ्या हातात आणून दिला. पाच लाख रुपये. आमच्याकडे किती बहिणी 'भावाला माफ केलं' म्हणून सही करून रिकाम्या हाताने परत येतात, हे वाचक भगिनींना सांगायला नको. मला मिळाले म्हणून मी ते जपून ठेवले होते. आठ महिन्यांनी धाकट्याने ते मागितले. बोटीसाठी.

"सोलापूरच्या माणसाला बोट कशाला?" माझ्या जावेने विचारलंच. तिचंही खरं होतं. आमचं पाण्याशी नातं म्हणजे चार-पाच दिवसांनी नळ सुटला की घागरी, पिंप, बादल्या भरून ठेवायच्या. पण ते पाणी येतं उजनीहून, आणि धाकट्याचा धंदाही आता त्याच बाजूला सरकत होता. तो गाडी चालवतो. पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूरची भाडी नेहमीची. दोन-तीन हिवाळे भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणारी माणसं मिळू लागली. गिऱ्हाईक गाडीतून उतरतं आणि दुसऱ्याच्या होडीत बसतं, हे त्याला खुपायचं. उजनीच्या जलपर्यटनाच्या बातम्या वाचून तर त्याची झोपच उडाली.

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरीशुभ्र बोट, पुढचं टोक निमुळतं, त्याच्या पोटात झोपायची केबिन, छोटं स्वयंपाकघर, मागे गादीच्या बैठका. याला एक्स्प्रेस क्रूझर म्हणतात म्हणे. मुंबईचे हौशी लोक शनिवार-रविवार अलिबागला जायला अशा बोटी वापरतात आणि जुन्या झाल्या की विकतात. नवी असती तर किमतीचा आकडा आमच्या तोंडात मावला नसता. ही वीस वर्षांची, किंमत नऊ लाख. पाच माझे, चार त्याच्या मित्राचे. बँकेचं कर्ज मुलांच्या अब्बांनी आधीच बाद केलं होतं, व्याजाचा पैसा त्यांना घरात नको.

हे पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करतात, होटगी रोडला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. त्यांनी फोटो बघून एवढंच विचारलं, "इंजिनं किती आणि कसली?" दोन, पेट्रोलची, दोनशे दोनशे हॉर्सपॉवरची. मग त्यांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर गणित मांडलं. पूर्ण वेगात दोन्ही मिळून तासाला दीडशे लिटरच्या आसपास पेट्रोल. लिटरला शंभरावर रुपये, म्हणजे तासाला पंधरा हजार. हळू चालवली तर बरंच कमी, पण हळू चालवायला अशी बोट कोण घेतं? उजनीवर माणूस होडीत बसायला काही शेकडे रुपये देतो. शिवाय बोटीची रुंदी दहा फूट, आणि रस्त्यावर मालवाहू गाडीला कायद्याची मर्यादा २.६० मीटर, म्हणजे साडेआठ फूट. ती घाट चढवून आणायची तर वेगळी परवानगी, वेगळा ट्रेलर, वेगळा खर्च.

तरीही हे म्हणाले, "मशीन बघितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही." म्हणून २०२५ च्या जानेवारीत आम्ही तिघं अलिबागच्या बाजूला एका खाडीकाठी गेलो. पैसे माझे, म्हणून मीही.

लांबून बोट सुरेख दिसत होती. यांनी जवळ जाऊन इंजिनाचं झाकण उघडायला लावलं आणि आधी हात ठेवला. इंजिन कोमट. सकाळचे आठ वाजले होते. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं की खोकतं, धूर कसला सोडतं, यातच त्याची निम्मी तब्येत कळते, आणि तेच आमच्यापासून लपवलं होतं. ही इंजिनं थंड ठेवायला समुद्राचं खारं पाणी आत फिरवतात. ते पाणी वर्षानुवर्षं लोखंड खातं आणि एक दिवस सिलिंडरमध्ये उतरतं. खालच्या गिअरचं तेल काढायला लावलं तर ते दुधाच्या चहासारखं आलं, म्हणजे पाणी शिरलेलं. मग यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बोटीची मागची भिंत ठोकली. फायबरच्या आत तिथे लाकूड असतं. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी भद्द. आम्ही तिघांनीही ऐकला.

मी खाली केबिनमध्ये गेले. कसलासा सुगंधी फवारा मारला होता, पण त्याच्याखाली पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेचा वास येत होता. गादी उचलली तर खाली पाण्याची तपकिरी रेघ, चांगली वीतभर उंच. कधीतरी आत एवढं पाणी होतं.

एक गोष्ट मात्र मला तिथेच नवीन कळली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती आपल्या सिलिंडरच्या गॅससारखी तळाशी साठते, आणि बोटीचा तळ म्हणजे बंद डबाच. म्हणून किल्ली फिरवण्याआधी चार-पाच मिनिटं पंखा लावून ती बाहेर काढायची असते. मी म्हटलं, तो पंखा लावून दाखवा. चालत नव्हता. "झाकण उघडं ठेवलं की झालं," विकणारे गृहस्थ म्हणाले. गॅसचा वास आल्यावर बटण न दाबण्याचं शिक्षण आम्ही बायका सून म्हणून आल्या दिवशी घेतो. मला पुढचं काही ऐकायची गरज उरली नाही.

पाण्यात चालवून बघायचं म्हटलं तर पन्नास हजार इसार आधी मागितला. आधी इसार, मग चाचणी, हा उलटा व्यवहार. धाकटा तरी म्हणत होता, "अम्मी, एक चक्कर तर मारू." आदल्याच महिन्यात, १८ डिसेंबरला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली होती. तिच्या इंजिनाची चाचणीच चालू होती. मी म्हटलं, या इंजिनाची चाचणी आपण आपल्या अंगावर घ्यायची नाही. पुण्यापर्यंत पोरगा एक शब्द बोलला नाही.

माझ्या मनात बसलेली गोष्ट वेगळीच होती, आणि ती मी त्याला त्या प्रवासात सांगितली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं. लाइफ जॅकेट कुणाच्या अंगात नव्हतं. रस्त्याने मोठा वळसा पडतो म्हणून तिकडची माणसं रोज अशीच जात-येत होती. बोटीचं काय दुखणं होतं मला माहीत नाही, पण ती मुलं माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाहीत. "तुझ्या बोटीत कुणाचं तरी मूल बसेल," मी म्हटलं. "केबिन किती छान आहे, हे त्याच्या आईला सांगशील?"

त्याची आणखी एक कल्पना होती, पक्षी नसतील तेव्हा या काठावरून त्या काठावर प्रवासी नेण्याची. पण शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला आहे. पूल झाला की त्या वाटेचं भाडं गेलंच, आणि जावंच ते.

मग फेब्रुवारीत आम्ही थेट उजनीकाठी गेलो. धरण १९८० मध्ये झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर, पोटात ११७ टीएमसी पाणी. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणून बातमीत 'शून्य टक्के' म्हणतात तेव्हाही बरंच पाणी असतं आणि उन्हाळ्यात आकडा वजामध्ये जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात वजा पन्नासच्याही खाली गेला होता. काठ मैलभर आत सरकतो, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. तिथे ती जड क्रूझर काय करणार होती? खाली दोन पंखे लोंबकळत, एक मीटर पाणी मागत. पहिल्याच मे महिन्यात चिखलात बसली असती.

तिथल्या एका भोई कुटुंबाकडे वीस फुटी उघडी फायबरची होडी विकायची होती, मागे लटकवायचं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन. जन्मभर गोड्या पाण्यात चाललेलं, खाऱ्या पाण्याने खाल्लेलं नाही. म्हातारे मालक आम्ही काही विचारण्याआधीच बोलू लागले. पंख्याचं एक पातं दगडाला लागून वाकलंय, वेगात हादरा बसतो. डावीकडच्या कडेला भेग पडली होती, सांधलेली आहे, ही बघा. इंजिनाची दोरी बदलायला झाली आहे. मला माझे अब्बा आठवले. त्यांचं चादरींचं दुकान होतं. एखाद्या चादरीत धागा तुटलेला असला की ते गिऱ्हाइकापुढे घडी नेमकी तिथेच उघडायचे. ऐब दाखवून विकलेल्या मालात बरकत असते, म्हणायचे.

इंजिन थंड होतं. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. मागून पाण्याची बारीक धार सरळ पडत राहिली, म्हणजे थंड करणारा पंप ठीक. गिअरचं तेल स्वच्छ. इसाराचा विषयही न काढता म्हाताऱ्यांनी आम्हाला तासभर पाण्यात फिरवलं. मीही बसले, त्यांच्याकडचं एकुलतं एक जॅकेट घालून. ते म्हणाले, "मावशी, वळवाचं वारं दुपारनंतर सुटतं. ढग काळे दिसले की काठ गाठायचा, गिऱ्हाईक पैसे परत मागो नाहीतर शिव्या देवो." हे मी धाकट्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

दोन लाख साठ हजारांत व्यवहार ठरला. पातं आम्ही बदलायचं, दोरी त्यांनी. पैसे मी मुलाला बक्षीस दिले नाहीत, कर्जे-हसना म्हणून दिले, आणि कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. "आईने मुलाकडून लिहून घ्यायचं?" जाऊबाई पुन्हा म्हणाल्या. लिहून ठेवायचा हुकूम नातेवाईक वगळून आलेला नाही, मी म्हटलं. उरलेले पैसे माझेच राहिले.

कागदांचं काम मात्र होडीपेक्षा जड निघालं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी हवी, तपासणीचं प्रमाणपत्र हवं, विमा हवा, प्रवासी घ्यायचे तर चालवणाऱ्याचंही प्रमाणपत्र हवं. नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळ, धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभाग. धाकटा एक फाइल घेऊन फिरतो आहे. किती माणसं बसवायची तो आकडा होडीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरात रंगवायचं ठरलंय. मोठ्यांची दहा जॅकेटं आली. लहान मुलांच्या मापाची सोलापुरात मिळाली नाहीत, पुण्याहून मागवली आहेत. ती आणि कागद येईपर्यंत होडी काठावर पालथी ठेवलेली आहे.